चार आण्याची गोळी

"केस पितळी की स्टीलचं?"

टेक्ससमध्ये राहणारी आपली मुलगी पिस्तूल घ्यायचं म्हणतेय हे कळल्यावर बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न हा. दुसरा, "एक केवढ्याला पडतं?" आणि मग थोडं थांबून, फोनच्या कडेला दिसणाऱ्या आईकडे बघून तिसरा, "पण कशाला?" इतर कुठल्याही घरात हा क्रम उलटा झाला असता.

'एक' म्हणजे एक काडतूस, आणि केस म्हणजे त्या काडतुसाची धातूची नळी, जिच्यात दारू भरतात. मी नुकतीच दुकानातून आले होते, भाव तोंडावर होते. सरावाची साधी नाइन एमएम, म्हणजे नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीची, पन्नासाचा खोका, सेलमध्ये साडेबारा डॉलर. म्हणजे काडतुसाला एक क्वार्टर, पाव डॉलर.

"चार आणे," मी म्हटलं.

डॉलरला रुपयांनी गुणायचं बाबांच्या डोक्यात आलंच नाही. "चार आण्यात पितळसुद्धा येत नाही गं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे न देता तसाच हातात धरून विचार करत बसले. मला पंधरा मिनिटं त्यांची हनुवटी आणि छताचा पंखा दिसत होता.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत चौतीस वर्षं होते. फॅक्टरी १८६९ सालची. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातल्या सगळ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली, पण बाबा तोवर केव्हाच रिटायर झाले होते आणि त्यांच्या लेखी ती आजही नुसती 'फॅक्टरी'च आहे. रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये आमचं सगळं घड्याळ तिच्या भोंग्यावर चालायचं. तिथे नेमकं काय काय होतं ते बाबा फारसं बोलत नसत. पण पितळाबद्दल विचारलं की थांबत नसत. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. आधी पत्र्याची टिकली, मग टिकलीची वाटी, मग वाटी ओढून ओढून नळी. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून मध्येमध्ये तापवून मऊ करायचं, मग परत ओढायचं. "म्हणजे कणीक मुरू द्यायची तसंच की," आई म्हणायची. बाबांना ही उपमा कधी मान्य झाली नाही.

त्यांचं काम तपासणीचं. केसच्या तोंडाला चीर आहे का, बुडाला पोचा आहे का, गेजमध्ये बसतं का, कॅप, म्हणजे बुडातली पेट घेणारी टिकली, वर आलीय का. ही सवय घरीही यायची. भांड्यांच्या दुकानात बाबा वाटी हातात घेऊन बोटांवर फिरवत, कडेवरून अंगठा नेत आणि "रिजेक्ट" म्हणून खाली ठेवत. आईच्या लग्नातल्या आहेराच्या भांड्यांपैकी निम्मी अशीच रिजेक्ट झालेली होती. एवढं करून चौतीस वर्षांत बाबांनी स्वतः एकही बार काढला नाही. काढून बघणारा विभाग वेगळा होता.

माझा अनुभव त्यांच्यापेक्षा दांडगा. लहानपणी दिवाळीत रोलच्या टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल, ज्याचा रोल दर चौथ्या टिकलीला अडकायचा. आणि कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला सतरंजीवर पालथं पडून पॉइंट टूटू रायफलने झाडलेल्या पाच गोळ्या. त्यातल्या दोन माझ्या कागदाला लागल्या आणि एक शेजारणीच्या. ती अजून म्हणते की तिचा ग्रुपिंगमधला, म्हणजे गोळ्या एकाच जागी लावण्यातला, पहिला नंबर माझ्यामुळे गेला.

आता बाबांचा तिसरा प्रश्न. आमचं घर गावाबाहेर आहे, शेजारचा दिवा दिसतो पण हाक पोचत नाही. नवरा महिन्यातले दहा दिवस कामाला बाहेरगावी. एका रात्री मागच्या दाराशी खुडबुड सुरू झाली. मी ९११ ला फोन केला, मुलीला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसले. शेरिफची गाडी यायला सव्वीस मिनिटं लागली. अंतरंच तशी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. दाराशी निघाला रॅकून, मांजरापेक्षा थोडा मोठा इथला रानटी प्राणी. कचऱ्याच्या डब्यातली थालीपिठं खात होता. पण ती सव्वीस मिनिटं संपली नाहीत. नंतर कित्येक रात्री मी ती पुन्हा मोजत होते.

इथे पिस्तूल विकत घेणं किती सोपं आहे ते पुण्यातल्या माणसाला सांगून पटत नाही. वय एकवीस पूर्ण, ओळखपत्र, ४४७३ नंबरचा फॉर्म, दुकानदाराने केलेली पार्श्वभूमीची चौकशी, आणि सगळं नीट असेल तर त्याच दिवशी वस्तू हातात. टेक्ससमध्ये थांबायची मुदतही नाही. मात्र एच-१बी वर असलेल्या आपल्या मुलामुलींना हे माहीत नसतं की त्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला केंद्राचा कायदा मनाई करतो. त्यातून सुटायची नेहमीची वाट शिकारीच्या परवान्याची. आम्ही नागरिक झालो त्याला सहा वर्षं झाली, त्यामुळे माझा फॉर्म वीस मिनिटांत भरून झाला असता. झाला असता म्हणते, कारण त्या दिवशी मी तो भरला नाही.

काउंटरवरच्या माणसाने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न विचारता काचेखालून एक छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं, मूठ गुलाबी. "लेडीज सगळ्या हेच नेतात." हातात घेतलं तर खरंच खेळण्याइतकं हलकं, सव्वाचारशे ग्रॅमसुद्धा नाही. पर्समध्ये पोळीभाजीचा डबा याहून जड असतो. मला ते आवडलं हे कबूल करते. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी नाही, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग ओढायचा नाही, गोळ्या घातल्या की तयार.

बाईमाणसाला हलकं हत्यार द्यावं ही समजूत काही टेक्ससचीच नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं तेव्हा तेही बायकांसाठी म्हणूनच गाजलं होतं. वजन पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. पण निर्भीक .३२ चं आहे, आणि ते काडतूस स्वभावाने गरीब. .३८ स्पेशल तितकं गरीब नाही. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता. कळत असता तर गुलाबी मुठीकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंच नसतं.

माझ्यामागे रांगेत एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. त्या शेजारच्याच नेमबाजीच्या रेंजवर नवख्यांना शिकवतात, त्याआधी चाळीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, "हनी, विकत घेण्याआधी हेच भाड्याने घेऊन पाच गोळ्या झाड. मग माझ्याकडे ये."

झाडल्या. कागद सात यार्डांवर होता, आमच्या हॉलच्या लांबीइतका. पहिल्या बाराला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कोणी उलथन्याने फटका मारावा तसं झालं. दुसऱ्याला मी डोळे मिटले. तिसऱ्याच्या आधीच मिटले. पाचवी झाली तेव्हा हात थरथरत होता आणि कागदावर एकच भोक होतं, तेही कोपऱ्यात, जिथे रेंजचं नाव छापलेलं असतं. बेचक्यातलं कातडं सोललं होतं. नर्सबाईंनी खिशातून बँडेड काढली. त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती, याचा मला थोडा राग आला.

मग त्यांनी माझ्या हातात ग्लॉक १९ नावाचं पिस्तूल दिलं. काळं, चौकोनी, एखाद्या ऑफिसातल्या स्टेपलरसारखं निरस. भरलेलं असताना वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, नाइन एमएम. मी मनात म्हटलं, याहून मोठं म्हणजे याहून मोठा फटका. पण धक्का बसला तो ढकलल्यासारखा, मारल्यासारखा नाही. दहापैकी आठ कागदावर.

रात्री घरी वही काढून बसले. बाबांची मुलगी आहे, हिशेब जुळेपर्यंत झोप येत नाही. .३८ ची गोळी साडेआठ ग्रॅमची, आखूड नळीतून सेकंदाला साधारण अडीचशे मीटरने निघते. नाइन एमएमची साडेसात ग्रॅमची, पण साडेतीनशे मीटरने. गुणाकार केला तर नाइन एमएमचा जोर जास्तच. मग हाताला कमी का लागलं? कारण तोच जोर एकदा अर्ध्या किलोच्या आतल्या वस्तूला मागे फेकतो आणि एकदा त्याच्या पावणेदोन पट जड वस्तूला. शिवाय पिस्तुलाची स्लाइड मागे सरकते, स्प्रिंग दबते, धक्का क्षणभर पसरून हातात येतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मध्यस्थ कोणीच नाही. गल्लीत टेनिस बॉलवर खेळायच्या हलक्या बॅटने कोणी सीझन बॉल मारून पाहिला असेल तर त्याला हे वेगळं सांगायला नको. हात कोपरापर्यंत झिणझिणतो.

आणि चाप. त्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. अर्ध्या किलोच्या वस्तूवर पाच किलोची ओढ, आणि वर अपेक्षा अशी की वस्तू हलू नये. ग्लॉकला साधारण त्याच्या निम्मा. हे हलकं रिव्हॉल्व्हर खरं तर मुरलेल्या हाताचं हत्यार आहे. नवख्याला दिलं जातं ते त्याच्या आकारामुळे.

पुढच्या रविवारी नर्सबाईंनी एक खोडी केली. माझं मॅगझिन त्यांनी माझ्याकडे पाठ करून भरलं आणि त्यात मध्येच कुठेतरी एक खोटं काडतूस घातलं, लाल प्लास्टिकचं, दारू नाही, काही नाही. मला ते कितवं हे माहीत नव्हतं. धाड, धाड, धाड, आणि मग नुसतं 'टक'. बार झालाच नाही. पण पिस्तुलाचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलेलं मी माझ्याच डोळ्यांनी पाहिलं. धक्का नव्हता, तरी माझ्या मनगटाने धक्क्याला उत्तर देऊन टाकलं होतं.

"इंजेक्शन द्यायला गेलं की काही पेशंट सुई टोचायच्या आधीच दंड आवळतात," बाई म्हणाल्या. "आवळला की जास्त दुखतं. मग पुढच्या वेळी ते आणखी आधी आवळतात. तुझं तेच झालंय, आणि त्या पाच गोळ्यांनी झालंय."

ते जायला मला चार महिने लागले. पाच गोळ्या बिघडवायला, आणि सातशेच्या वर गोळ्या सुधारायला. वहीत नोंद आहे.

याच चार महिन्यांत कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या जाडीची, भाषा शिकले. ती आपल्याकडच्या आडनावांसारखी आहे, नावावरून माणूस कसा असेल याचा अंदाज बांधू नये. .३८ स्पेशलची गोळी .३८ इंचाची नसतेच, ती .३५७ ची असते. नाव जुन्या काळच्या काडतुसाच्या केसवरून पडलं आणि १८९८ पासून चिकटलं. .३८० आणि नाइन एमएम यांच्या गोळीची जाडी सारखीच, पण एकाचं केस आखूड आणि दारू कमी. गोळीचं वजन इथे ग्रेनमध्ये सांगतात. आपले सोनार गुंजेने सोनं तोलायचे, तसा हा जवाचा दाणा. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त. नाइन एमएमची सरावाची गोळी ११५ ग्रेनची, .४५ ची २३०, बरोबर दुप्पट. .२२ ची चाळीस.

.४५ वाले लोक वेगळेच. १९११ साली अमेरिकी सैन्याने जे .४५ चं पिस्तूल घेतलं ते सत्तरहून जास्त वर्षं टिकलं, आणि त्याचे भक्त आजही त्याच्याबद्दल मंडळी भीमसेनच्या गाण्याबद्दल बोलतात तसं बोलतात. त्यांच्यातले एक आजोबा रेंजवर मला दर रविवारी सांगायचे की नाइन एमएम ही गोळी नव्हे, सूचना आहे. ऐकायला बरं वाटतं. पण या वादाचा निकाल एकदा फार महागात लावून झालेला आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली नाइन एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. ठपका गोळीवर आला. एफबीआयने दहा मिमीचं दांडगं काडतूस घेतलं, ते बऱ्याच एजंटांना झेपेना, मग त्याचीच आखूड आवृत्ती म्हणून १९९० मध्ये .४० आलं आणि देशभरातल्या पोलिसांनी ते उचललं. पुढे २०१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा नाइन एमएमवर. मधल्या काळात गोळ्या सुधारल्या होत्या, आणि हेही ध्यानात आलं होतं की कमी धक्क्याच्या पिस्तुलाने चालवणाऱ्याचा नेम जास्त लवकर आणि जास्त अचूक लागतो. बंदुका चालवणं हेच ज्यांचं काम, त्यांना जे उमगायला तीस वर्षं लागली ते मला बेचक्यातल्या कातड्याने एका दुपारी सांगितलं होतं. मी हे आजोबांना बोलून दाखवलं नाही. ते मला दर रविवारी खारे शेंगदाणे देतात.

यात एक गंमत आहे जी इथल्या कोणाला सांगून उपयोग नाही. भारतात नाइन एमएम हा बंदी असलेला बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. .३८ आणि .४५ पण. सैन्याचं आणि पोलिसांचं काडतूस बाहेरच्या हातात पडून चालू नये ही इंग्रजांच्या वेळची धास्ती १९५९ च्या कायद्यातही उतरली, म्हणून परवाना असलेल्या माणसाच्या वाट्याला हँडगनमध्ये बहुतेक .३२ किंवा .२२ येतं. त्यातही परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला. आपल्या भुसावळजवळच्या वरणगावला सरकारी कारखाना नाइन एमएम बनवतो, पण ती वरणगावच्या दुकानात मिळणार नाही. आणि मी इथे ती बुटांच्या रांगेपलीकडून, मुलीचे मोजे आणि उड्या मारायच्या दोन दोऱ्या घेतलेल्या त्याच ढकलगाडीत टाकून आणते. दोन्हीतलं कुठलं शहाणपणाचं, यावर आमच्या घरात एकमत नाही. मला विचाराल तर मोज्यांशेजारी काडतुसाचा खोका बघून अजूनही पोटात काहीतरी हलतं, आणि ते हलणं बंद होऊ नये असं वाटतं.

आता पैसे. खरं तर याच मुद्द्यावर बाबांनी फोन सुरू केला होता.

पिस्तुलाची किंमत सगळे विचारतात. चारशे, पाचशे, सहाशे डॉलर. ती एकदा द्यायची असते. गोळ्यांची किंमत महिन्याच्या महिन्याला. महिन्यातून दोनदा रेंज, दर वेळी शंभर गोळ्या, म्हणजे वर्षाला चोवीसशे. माझ्या गावातल्या भावाने, नाइन एमएमला पंचवीस सेंट धरले तर सहाशे डॉलर. म्हणजे वर्षभरात पिस्तुलाएवढे पैसे उडवून, शब्दशः उडवून, झाले. .४५ पंचेचाळीस सेंटच्या खाली मिळत नाही, तिथे हजाराच्या वर. .३८ पण तेवढ्यातच. हे मला आधी कळेना, म्हातारं काडतूस, दारू कमी, मग महाग का? तर खप. नाइन एमएम जगभरातली सैन्यं आणि पोलीस वापरतात, कारखाने रात्रंदिवस तीच ओततात. .३८ ची यंत्रं मधूनमधून फिरतात. आणि .२२, आठ सेंट. वर्षाला दोनशे डॉलरच्या आत.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे मसालाच कोंबडी खाऊन टाकतो. बरं, हे चार आणेही स्थिर नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत आणि त्यानंतरच्या निवडणुकीच्या गदारोळात लोकांनी दुकानं धुवून नेली. २०२१ च्या सुरुवातीला नाइन एमएम पाऊण डॉलरच्या पुढे गेली होती. चार आण्याची गोळी बारा आण्यांना. आमच्या नर्सबाई सांगतात, त्या वर्षी रेंज ओस पडली होती आणि पिस्तुलं मात्र पूर्वी कधी नाही इतकी खपत होती. म्हणजे हजारो घरांत अशी पिस्तुलं गेली ज्यांच्या मालकांनी दहा गोळ्याही झाडल्या नव्हत्या. हे वाक्य त्यांनी काडतुसं मोजता मोजता सहज म्हटलं. मी माझ्या रॅकूनच्या रात्रीचा विचार करत होते. त्या रात्री माझ्या हातात ते गुलाबी रिव्हॉल्व्हर असतं तर? डोळे मिटून, मनगट चार बोटं खाली, आणि न्हाणीघरात माझ्या गुडघ्याशी मुलगी.

नवऱ्याने या सगळ्यात एकच प्रश्न विचारला. तो हिशेबात पडत नाही, पण त्याचे प्रश्न नेमके दुखऱ्या जागी लागतात. "ठेवणार कुठे?"

मुलगी चौदा वर्षांची आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे, आणि नसता तरी उत्तर तेच असतं. तिजोरीत, रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळी. "मग रात्री दोन वाजता ते काय कामाचं?" हा त्याचा दुसरा प्रश्न. २०२१ या एका वर्षात या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांनी ती स्वतःवरच चालवली होती. हा आकडा त्यानेच मला पाठवला, खाली काही न लिहिता. आमच्या मुलीच्या शाळेत गेल्या वर्षी एक मुलगा असाच गेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

आम्ही मागच्या दाराला हालचालीवर लागणारा दिवा बसवला. कचऱ्याच्या डब्याला झाकण असलेली पेटी केली. कुत्रा आणला. तो रॅकूनला घाबरतो, पण घाबरला की ओरडतो आणि मला तेवढंच हवं आहे. घराच्या राखणीसाठी पिस्तूल हा विषय मी बाजूला ठेवला. कायमचा, असं म्हणत नाही. नवरा म्हणतो कायमचा म्हण.

आणि तरी मी पिस्तूल घेतलं. कारण चार महिन्यांत मला त्याची गोडी लागली होती, आणि ते मान्य करायला मला राखणीचं निमित्त उरलं नव्हतं.

.२२ चं घेतलं. रुगर मार्क फोर, लांब नळीचं, किलोभर वजनाचं. एवढं वजन आणि अडीच ग्रॅमची गोळी, त्यामुळे धक्का म्हणावा असा नाहीच. कॅरममध्ये स्ट्रायकर मारताना बोटाला जेवढं जाणवतं तेवढं. काउंटरवरचा माणूस हिरमुसला. "याने खारी मारतात," तो म्हणाला. शेंगदाणेवाले आजोबा तर दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना सांगितलं की आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पालेमबांगला पंचवीस मीटर पिस्तुलात सोनं आणलं, ते याच .२२ वर. नेमबाजीत एशियाडचं सोनं मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. आजोबांना कोल्हापूर कुठे आहे ते माहीत नव्हतं. मी फोनवर नकाशा काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला, "हं" म्हणाले आणि शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली.

.२२ ला लपायला जागा नसते. आवाज नाही, दणका नाही, म्हणून चुकलं तर दोष द्यायला कोणी नाही. भोक डावीकडे गेलं की बोट चापावर तिरकं पडलं, खाली गेलं की मनगट आवळलं. आता महिन्यातून दोनदा मी शंभर-दीडशे गोळ्या झाडते आणि खिशातून दर वेळी आठ-बारा डॉलर जातात. रेंजची फी त्याहून जास्त आहे. नर्सबाई अधूनमधून त्यांचं नाइन एमएम देतात, वीस गोळ्या. त्यांच्या मते माझं मनगट आता गप्प बसतं.

गेल्या रविवारी परतल्यावर बाबांना फोन केला. झाडलेली चार-पाच केसेस आणली होती खिशातून, ती कॅमेऱ्यासमोर धरली. .२२ चं केस म्हणजे केवढंसं, करंगळीच्या नखापेक्षा थोडं लांब. बाबांनी चष्मा लावला.

"फिरव. हळू. थांब, थांब. बूड दाखव."

बूड दाखवलं. या काडतुसाला मध्ये कॅप नसते, पेट घेणारा मसाला काठाच्या घडीतच भरलेला असतो आणि पिस्तुलाची पिन काठावर मारते. तो चपटा ठसा त्यांनी बराच वेळ पाहिला.

"ठसा चांगलाय. तोंडाला चीर नाही. सगळी वाजली?"

"नाही. तीन नाही वाजली. तोंड कागदाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबले, मग काढून त्यांच्या डब्यात टाकली."

"कितीत तीन?"

"शंभरात."

बाबांनी चष्मा काढला. मागून आईचा आवाज आला, चहा गार होतोय म्हणून. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"शंभरात तीन," ते म्हणाले. "आणि लॉट पास केला त्यांनी?"